सीक्वेलमध्ये नवं काय बघायचं?

"नवीन काहीच नाही" म्हणून व्हिडिओ गेमच्या सीक्वेलला लगेच नावं ठेवू नकोस. 'मेजोराज मास्क' (२०००) खेळून बघ. आधीच्या भागाचं, म्हणजे 'ओकारिना ऑफ टाइम'चंच इंजिन (गेम चालवणारं मूळ सॉफ्टवेअर), बरेचसे चेहरेही तेच; पण तीन दिवसांत चंद्र कोसळणार, आणि वेळ मागे फिरवली की जमवलेले बाण-बॉम्ब गायब! या एका नियमाने अख्खा खेळ पालटला. उलट 'रेसिडेंट ईव्हिल ४' या भीतीदायक गेमने (२००५) कॅमेराच नायकाच्या खांद्यामागे आणला. तेही जमलं, भीती जरा पातळ झाली असं मला वाटतं, पण नेम धरायची मजा वाढली. दरवर्षी येणाऱ्या स्पोर्ट्स गेममध्ये मात्र नुसते संघ अपडेट झाले असतील, तर पैसे वाचव आणि जुनाच भाग खेळत राहा. बाकी, मालिका पहिल्या भागापासूनच सुरू करायची अशी काही सक्ती नाही.