‘मांजराशी बोलतात तेवढं माझ्याशी नाही’

“पंचवीस वर्षं संसार केला, आणि आता सवत आली ती चार पायांची,” बाई खुर्चीत बसता बसताच म्हणाल्या. म्हणताना हसल्या, पण पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळणं काही थांबलं नाही. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

तक्रार साधी होती. लेक शिकायला दूर गेली आणि जाताना वाकड्या शेपटीची एक मांजरी मागे ठेवून गेली. नाव ठमी. तेव्हापासून नवरा घरात आला की पहिली हाक ठमीला. ‘काय गं, आज रुसलीस का?’ हे तिला, आणि बायकोला ‘चहा झाला का?’ बाईंचा प्रश्न होता, “प्राण्यावर इतका जीव जडणं बरं असतं का हो? माणसं नकोशी झाली की असं होतं का?”

हाच प्रश्न आया मुलांबद्दल विचारतात, मुलं एकट्या वडिलांबद्दल विचारतात. माझं नेहमीचं उत्तर असं: जीव किती जडलाय हे मोजू नका, बाकीचं आयुष्य चालू आहे का ते बघा. काम, झोप, जेवण, मित्र सुटत चालले असतील, किंवा झेपत नसताना प्राणी गोळा होत असतील, तर काळजी करा. इथे तसं काहीच नव्हतं.

पुढच्या वेळी नवरा आला, नाइलाजाने. मी मनात ठरवून ठेवलं होतं की मांजरीबरोबरचा वेळ थोडा कमी करायला सांगायचं. कबूल करते, ते चुकलंच असतं. पंधरा मिनिटांत गृहस्थ तीन वाक्यं बोलले. शेवटी मी सहज ठमीबद्दल विचारलं आणि ते खुर्चीत पुढे सरकले.

ठमी महातिरसट. मांडीवर घेतलं की ओरबाडते. वाडग्यातलं पाणी चालत नाही, गळक्या नळाखाली मान वाकडी करून थेंब चाटते. टेबलावरचं पेन पंजाने कडेपर्यंत सरकवते, तुमच्याकडे बघते आणि मग ढकलते. “तिला उचलायचं नाही. समोर बसायचं आणि असं करायचं,” म्हणत त्यांनी डोळे सावकाश अर्धवट मिटले, उघडले. ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये नेमकं हेच तपासलं होतं: माणसाने असे डोळे मिचकावले की मांजरंही बरेचदा डोळे बारीक करतात, आणि अनोळखी माणसाने केलं तरी त्याच्या जवळ यायला ती जास्त तयार असतात. यांनी त्यातलं काही वाचलेलं नव्हतं. बघून बघून कळलं होतं.

मग त्यांनी गादीचा किस्सा सांगितला. ठमी सलग चार दिवस गादीवर शू करत होती. बाईंचं मत, ‘मस्ती आलीय.’ हे तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले, तर मूत्रमार्गाचा त्रास निघाला. “मांजर उगाच काही करत नाही हो. काहीतरी दुखत असतं.”

बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. “आणि मी भांडी आपटते तेव्हा?”

खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मीही नाही. हे गप्प बसणं शिकायला मला बरीच वर्षं लागली.

बोरिस लेव्हिन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या दवाखान्यात एक अबोल मुलगा ठरल्या वेळेआधी आला, आणि तिथे असलेल्या जिंगल्स या कुत्र्याशी त्याची गट्टी जमली. त्यातून पुढे उपचाराची वाट सापडली. लेव्हिन्सनने 1962 मध्ये कुत्र्याला ‘सहउपचारक’ म्हणणारा लेख लिहिला. आमच्या खोलीत ठमी नव्हती, पण त्या दिवशीचं निम्मं काम तिनेच केलं.

प्राणी बिनशर्त प्रेम करतात असं लोक म्हणतात. मला ते फारसं पटत नाही. ठमीच्या अटी पुष्कळ होत्या. पोटाला हात लावायचा नाही, झोपेतून उठवायचं नाही, बोलावलं की येईनच असं नाही. या माणसाने त्या एकेक करून ओळखल्या होत्या आणि न कुरकुरता पाळल्या होत्या. तिच्या त्याच खोड्या आणि बायकोची मात्र ‘कटकट’. हे मी बोलून दाखवलं तेव्हा ते ओशाळले. बाईंना मात्र मी दुसरंच विचारलं: तुमच्या अटी त्यांना कधी सांगितल्यात? त्या म्हणाल्या, “सांगायच्या कशाला? कळायला नकोत?”

दोघांना एकच काम दिलं. आठवडाभर समोरच्याची एक खोड रोज टिपायची, आणि पुढे ‘कशामुळे असेल?’ एवढंच लिहायचं. उत्तर नाही सापडलं तर जागा कोरी. त्यांच्या वहीत बऱ्याच जागा कोऱ्या राहिल्या. बाईंच्याही.

महिन्याभराने बाई एकट्या आल्या. परवा कढई जरा जोरात ठेवली गेली, म्हणाल्या. हे स्वयंपाकघरात आले, ‘काय झालं?’ विचारलं. मी म्हटलं, ‘काही नाही.’ एरवी गेले असते निघून. तिथेच स्टुलावर बसून राहिले.

“मी मांजर नाही, असं सांगितलं मी त्यांना,” बाई म्हणाल्या. “तरी बसले हो. वीसेक मिनिटं.”

“मग?”

“मग काय, सांगितलं. लेकीच्या खोलीत आता झाडूसुद्धा मारवत नाही म्हणून.”