अँप्लिफायरची पॉवर केबल घरी करायची, वायर कुठली घेऊ?

प्रश्न: मी म्हापशाला राहतो, अँपसाठी स्वतः केबल करतोय. दुकानदार चांदीचा मुलामा दिलेली वायर घे म्हणतो, घेऊ का? (वाचक, म्हापसा)

उत्तर: अहो, चांदी राहू द्या! १.५ चौरस मिलिमीटरची, तीन कोअरची (आत तीन वेगळ्या तारांची) तांब्याची फ्लेक्झिबल वायर घरच्या अँपला पुरते, ती आयएसआय मार्कचीच घ्या. आपल्याकडे खरा शत्रू म्हणजे खारा वारा आणि पावसाळा, उघडं तांबं बघता बघता हिरवं पडतं, म्हणून कलई केलेली वायर मिळाली तर उत्तमच. अँपकडचा सी-१३ कनेक्टर (अँपच्या मागे खोचायचं टोक) १० अँपिअरचा असतो, भिंतीकडे चांगल्या पितळी पिनांचा थ्री पिन टॉप लावा. आणि एक, स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर करू नका, कारण दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतं, स्क्रू सैल होतो आणि मग पिन तापते. त्यापेक्षा फेरूल, म्हणजे धातूची छोटी नळी, टोकावर चढवून पक्कडीने दाबून बसवा (क्रिंप करा). हिरवी-पिवळी अर्थची वायर टॉपच्या आत थोडी लांब ठेवा, केबल ओढली गेली तर ती शेवटी सुटायला हवी. स्पीकरमधून हम (गुणगुण) येतो म्हणून अर्थ कापणारे महाभाग भेटतात, त्यांचं अजिबात ऐकू नका. चांदीच्या वायरने आवाजात फरक? मला तरी कधी ऐकू आला नाही बुवा.