वाचक विचारतात : देवळाचे वय, शिलालेख आणि सिमेंट

प्रश्न : गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळाला सगळे हेमाडपंती म्हणतात. म्हणजे ते हेमाद्रीनेच बांधले का? (मोहोळ तालुका)

उत्तर : नाही. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप (राजाच्या दफ्तराचा प्रमुख), म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, भीमा-सीना संगमावरच्या हत्तरसंग कुडलला शके 940चा (इ.स. 1018) लेख आहे. अंबरनाथच्या देवळात शके 982 कोरलेले आहे. ही दोन्ही ठिकाणे हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीची.

हेमाडपंती हे बांधायच्या पद्धतीचे नाव समजा. घडीव दगड चुना न घालता एकावर एक रचायचे, खाच आणि खुंटी जुळवून बसवायचे आणि पुढचे काम दगडाच्या वजनावर सोडायचे. सभामंडपात उभे राहून वर बघा. चार कोपऱ्यांवर चार तिरप्या शिळा टाकून चौकोन लहान केलेला दिसेल, त्यावर पुन्हा तसेच, आणि शेवटी कमळ कोरलेली एक शिळा. असे छत असेल तर मंडप जुना. छत विटा-चुन्याच्या घुमटाचे असेल तर तो भाग नंतरच्या दुरुस्तीतला. शिखराचेही तेच. आपल्याकडे अनेक देवळांच्या दगडी भिंतीवर विटा-चुन्याचे शिखर बसलेले दिसते. ते मूळच्या दगडी कामाच्याच वेळचे आहे, असे धरून चालू नका. जोते, भिंत आणि शिखर यांचे वय वेगवेगळे विचारा.

आणि दारावरच्या ललाटबिंबावर, म्हणजे चौकटीच्या वरच्या पट्टीच्या मधोमध, गजलक्ष्मी दिसली म्हणून देऊळ लक्ष्मीचे ठरत नाही. शिवमंदिरांच्या दारांवरही ती असते.

प्रश्न : देवळाच्या तुळईवर झिजलेली अक्षरे आहेत. गावात कुणी मोडी म्हणते, कुणी कानडी. वाचून घ्यायची तर काय करावे? (अक्कलकोट तालुका)

उत्तर : कानडी असण्याचा संभव मोठा. हा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता आणि त्यांच्या काळातले लेख बहुतेक कानडीत आहेत. मध्ययुगीन देवळाच्या मूळ बांधकामावर मोडी सहसा सापडत नाही. अक्षरे वाटोळी, सुटी आणि वर सलग रेघ नसलेली असतील तर कानडी. शिरोरेघ असेल तर देवनागरी, पण तिथेही फसगत होते. यादवकाळात एकाराची मात्रा अक्षराच्या आधी उभ्या दांडीने दाखवत. त्यामुळे ‘के’ हा आपल्या डोळ्यांना काना आणि मग ‘क’ असा दिसतो, आणि वाचणारा तो काना मागच्या अक्षराला चिकटवून मोकळा होतो. या दांडीला पृष्ठमात्रा म्हणतात.

अक्षरांत खडू, पीठ किंवा रांगोळी भरू नका. दगडाचे टवकेसुद्धा पांढरे होतात आणि नसलेली अक्षरे तयार होतात. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झाडा. अंधार पडल्यावर जा. कॅमेरा लेखाच्या अगदी समोर धरा, फ्लॅश बंद ठेवा आणि बॅटरी बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून, दहा-पंधरा अंशांच्या तिरप्या उजेडात धरा. डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून असे चार फोटो काढा. आडव्या रेघा एका उजेडात उठतात, उभ्या दुसऱ्यात. शेजारी पट्टी ठेवा आणि लेख मोठा असेल तर एकावर एक थोडे चढतील असे तुकडे घ्या.

शकाचा आकडा लागला की पडताळा घरीच करता येतो. शकात 12 मिळवा, 60ने भागा. बाकी उरेल तो साठ संवत्सरांच्या चक्रातला क्रम, प्रभव या पहिल्या नावापासून मोजलेला; लेखातले संवत्सर तेच निघायला हवे. शून्य उरले तर साठावा, क्षय. कुडलच्या लेखात शके 940, कालयुक्त संवत्सर आहे : 940 अधिक 12 म्हणजे 952, बाकी 52, आणि बावन्नावा कालयुक्तच. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातल्या, ‘चौऱ्याऐंशीचा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेखातले शके 1195 घ्या : बाकी 7, श्रीमुख. एका वर्षाचा फरक पडला तर घाबरू नका, चालू वर्ष धरायचे की सरलेले यात तेवढा फरक येतो. जास्त पडला तर आकडा चुकीचा वाचला आहे. इसवी सनासाठी शकात 78 मिळवा. माघ-फाल्गुनातला लेख असेल तर 79.

कुडलच्या लेखाच्या शेवटी ‘वाछि तो विजेया होइवा’ असे आहे : जो वाचील तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी कोरणाऱ्याला वाचणाऱ्याची काळजी होती. त्यावर ऑइल पेंट फासणे आपल्याला शोभत नाही.

प्रश्न : देऊळ गळते. समितीने सांधे सिमेंटने भरून भिंती रंगवायचे ठरवले आहे. योग्य आहे का? (माळशिरस तालुका)

उत्तर : कृपा करून थांबवा. गळती भिंतीतून नसून बहुधा छतावरून असते. कोरड्या सांध्यांतून आत गेलेले पाणी बाहेर निघते, दगडांना किंचित हलायलाही वाव मिळतो. सिमेंटने बाहेरचे तोंड बंद झाले की पाणी गाभाऱ्याच्या बाजूने फुटते, पांढरी खारट पूड धरते आणि पुढे दगडाची पापुद्री सुटते. ऑइल पेंटखाली ओल तशीच कोंडते. ॲसिड, तारेचा ब्रश किंवा वाळूचा फवारा लावून रंग काढणे तर त्याहून वाईट, कारण रंगाबरोबर कोरीवकामाच्या कडाही जातात.

आधी छतावर चढा. पाचोळा आणि माती काढा, पन्हाळी मोकळ्या करा. पिंपळाचे रोप ओढून उपटू नका, मुळाबरोबर दगड हलतो. बुंध्याशी कापा आणि फुटवा येईल तेव्हा पुन्हा कापत राहा. मग चुन्याचा कोबा. विरवलेला चुना किमान पंधरा दिवस पाण्याखाली मुरू द्या, नंतर चुना, सुर्खी (विटांची पूड) आणि चाळलेली वाळू समभाग मळा. उतार पन्हाळीकडे ठेवा. सोलापूरच्या उन्हात चुना झपाट्याने सुकून तडकतो, म्हणून काम पावसाळा सरल्यावर काढा आणि तीन आठवडे ओली पोती अंथरून ठेवा. वर सिमेंटचा स्लॅब मुळीच नको; खालच्या तुळयांवर नको तो भार येतो, आणि मधोमध तडकलेली तुळई पुन्हा सांधत नाही.

देऊळ संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व विभागाच्या लेखी परवानगीशिवाय यातले काहीच करता येत नाही. नसले तरी काम सुरू करण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा आणि सुटलेल्या प्रत्येक दगडावर चिकटपट्टीने क्रमांक लावा. जागा हरवलेला दगड नंतर कुंपणात जातो.

प्रश्न : कुडलच्या हरिहरेश्वराच्या मंडपाला मध्ये छत नाही. पडले असेल का? (सोलापूर शहर)

उत्तर : नाही, तो स्वर्गमंडप आहे, मधला भाग मुद्दामच आकाशाला मोकळा ठेवलेला असतो. खिद्रापूरच्या कोपेश्वराला तसाच आहे. पडलेल्या छताची कड तुटकी आणि ओबडधोबड असते, मुद्दाम ठेवलेल्या उघडीपीची कड घडवलेली असते. खिद्रापूरला तर बरोबर खाली जमिनीत तशीच गोल शिळा बसवलेली आहे. कुडलला जाल तेव्हा 359 मुखे कोरलेले शिवलिंगही पाहा. ते 1999 साली तिथल्याच उत्खननात मिळाले.