शब्दशंका : इव्होकेशन आणि इन्व्होकेशन

प्रश्न : एका चित्रप्रदर्शनाच्या परीक्षणात ‘इव्होकेशन’ हे इंग्रजी नाम वाचलं. हे आणि ‘इन्व्होकेशन’ एकच का?

उत्तर : नाही, पण भलेभले इथे गल्लत करतात. दोन्हींच्या मुळाशी लॅटिन ‘व्होकारे’ आहे, म्हणजे हाक मारणं. इन्व्होकेशनमध्ये देवतेला मदतीसाठी साद घालतात. तिथे ‘आवाहन’ चपखल बसतं. इव्होकेशनमध्ये आत दडलेलं बाहेर बोलावलं जातं. रोमन लोकांकडे या नावाचा चक्क युद्धविधी होता. शत्रूच्या नगराला वेढा घालायचा आणि तिथल्या रक्षक देवतेलाच ‘आमच्याकडे या, मोठं देऊळ बांधू’ म्हणून फोडायचं! इ.स.पू. ३९६ मध्ये व्हेई हे शत्रूचं नगर जिंकताना रोमन सेनापती कमिलसने जूनो देवीला असंच रोमला नेलं, असं इतिहासकार लिव्ही सांगतो.

आज हा शब्द बहुधा आठवण, भावना, वातावरण यांच्यासाठी येतो. पागोळ्यांचा नुसता आवाज लिहून वाचकाला भिजवलंत, तर ते पावसाचं इव्होकेशन. किती मिलिमीटर पडला हे सांगितलंत, तर ती नोंद. नामापुढे ‘ऑफ’ येतं, मग जे जागं होतं ते. भाषांतर करताना मी ‘जागवणं’ वापरते. ‘उद्बोधन’ कृपया नको, त्याला व्यासपीठाचा वास येतो.