खाऱ्या पाण्याच्या मासे-टाकीतलं पाणी हिरवं झालंय? आधी हे करा

घाबरू नका, आणि सगळं पाणी तर मुळीच बदलू नका. नवीन माणूस पहिली चूक हीच करतो. पाण्यात तरंगणारं एकपेशीय शेवाळ इतकं बारीक असतं की साध्या फिल्टरच्या कापसातून ते आरपार जातं. म्हणून कापूस रोज धुऊन काही होत नाही.

सुरुवातीला एवढंच करा:

१. दिवे बंद, टाकीवर जाड चादर, सलग ३ दिवस. मधेच डोकावून बघायचं नाही. निरोगी प्रवाळ एवढा अंधार सहसा सोसतात.

२. या काळात एअर पंप आणि स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) २४ तास चालू ठेवा. शेवाळ मरून कुजतं तेव्हा पाण्यातला ऑक्सिजन झपाट्याने कमी होतो आणि मासे त्यानेच दगावतात. हे कृपया विसरू नका.

३. चौथ्या दिवशी १५–२० टक्के पाणी बदला. टाकीचं सागरी मीठ आरओच्या पाण्यात आदल्या दिवशी कालवून ठेवा, खारेपणा टाकीएवढाच हवा.

नळाच्या पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट असू शकतं. ते वापरलंत तर शेवाळाला खतच मिळेल. खाणंही दोन मिनिटांत संपेल इतकंच टाका. टाकीवर खिडकीतून थेट ऊन येत असेल तर आजच पडदा लावा.

बाटलीतली शेवाळनाशकं आणू नका, कोळंबी आणि प्रवाळ त्यांनी मरू शकतात. एवढं करूनही हिरवेपणा परतला, तर यूव्ही दिवा (वाहत्या पाण्यातलं शेवाळ अतिनील किरणांनी मारणारं उपकरण) घ्या. पण ते नंतर.