आयटी सोडून पियानो शिकवायचाय? आधी घरातली संध्याकाळ कोण सांभाळणार ते ठरवा

सॉफ्टवेअरमध्ये बरीच वर्षं काढली, ग्रीन कार्ड आलं, पियानो लहानपणापासून वाजवतेय, आता नोकरी सोडून पूर्णवेळ शिकवावं असं फार मनात आहे, सोडू का? न्यू जर्सीतल्या एका ताईंनी विचारलंय. ताई, जरूर करा, पण लगेच राजीनामा देऊ नका आणि एकटीने तर मुळीच ठरवू नका.

कारण सांगते. पियानो शिकणारी बहुतेक शाळकरी मुलं असतात, ती तीन-साडेतीनला सुटणार, म्हणजे तुमचे क्लास चार ते आठ आणि शनिवारी सकाळी. नेमकी हीच वेळ तुमची स्वतःची मुलं घरी यायची, होमवर्कची, स्विमिंगला नेण्या-आणण्याची, जेवणाची. घरूनच काम आहे म्हणजे मुलांना भरपूर वेळ मिळेल असं सगळ्यांना वाटतं आणि होतं बरोब्बर उलटं, सकाळी दहाला तुम्ही मोकळ्या पण घरात कोणी नाही, आणि संध्याकाळी सगळे घरात असताना तुम्ही दार लावून दुसऱ्याच्या मुलाकडून स्केल्स करून घेताय. म्हणून नवऱ्याशी बोलताना स्वप्न, पॅशन वगैरे राहू दे, मंगळवारी सहा वाजता कणीक कोण मळणार आणि धाकट्याला कराटेहून कोण आणणार हे बोला. हे जमत असेल तर पुढचं सगळं जमतं.

आता पैसे. समजा अर्ध्या तासाला ४० डॉलर आणि २५ मुलं, म्हणजे आठवड्याला १००० डॉलर. सुट्ट्या, आजारपणं, उन्हाळ्यातल्या भारतवाऱ्या (मराठी मुलं जास्त असतील तर जूनमध्ये निम्मा क्लास पुण्या-मुंबईत असतो!) धरून वर्षाचे ४२ आठवडे मिळाले तर ४२,००० डॉलर. त्यातून खर्च वजा जाता उरलेल्यावर साधारण १५.३ टक्के सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स (स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांचा सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा कर), इन्कम टॅक्स वेगळा, दोन्ही दर तिमाहीला आपले आपण भरायचे, आणि कंपनीचा हेल्थ इन्शुरन्स गेला. तुमच्या घरी नवऱ्याच्या नोकरीतून इन्शुरन्स मिळतोय का हे सगळ्यात आधी बघा. आणि २५ मुलं पहिल्या वर्षी मिळत नाहीत हो, म्हणून नोकरी चालू ठेवून शनिवारी चार-पाच मुलांपासून सुरू करा, कंपनीचे साइड वर्कबद्दलचे नियम तेवढे वाचून घ्या.

ज्यांचं ग्रीन कार्ड अजून आलेलं नाही त्यांच्यासाठी कळकळीने सांगते, एच-१बी म्हणजे कंपनीने काढलेल्या नोकरीच्या व्हिसावर असताना फी घेऊन पियानो शिकवता येत नाही, शनिवारी नाही आणि रोख घेऊनही नाही, कारण तो व्हिसा तुमच्या कंपनीतल्या त्या कामापुरताच आहे. एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या एच-१बीमुळे मिळालेल्या व्हिसावर असाल तर ईएडी, म्हणजे काम करण्याचा परवाना, हातात आल्याशिवाय नाही. शंका असली तर वकिलाला विचारा, मंडळातल्या मित्राला नको.

शिकवायला अमेरिकेत लायसन्स लागत नाही, पण छान वाजवता येणं आणि सहा वर्षांच्या मुलाला शिकवता येणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्यापैकी अनेकांचे कान पेटीवर तयार झालेले असतात, काळी एक, पांढरी चार ही पेटीच्या पट्ट्यांची नावं, ती ऐकून लगेच ओळखू येतात, सूर पक्का असतो, पण पेटीत डावा हात भात्यावर असतो, त्यामुळे दोन्ही हात स्वतंत्र चालवणं आणि स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) पटापट वाचणं इथे आपण मागे पडतो. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या किंवा टोरोंटोच्या रॉयल कॉन्झर्व्हेटरीच्या परीक्षा या वयातही देता येतात. एबीआरएसएमच्या सहाव्या ग्रेडला बसण्याआधी पाचव्या ग्रेडची थिअरी किंवा त्यांना चालणारी दुसरी परीक्षा लागते, तर थिअरी टाळू नका. एमटीएनए म्हणजे इथल्या संगीतशिक्षकांची १८७६ पासूनची संघटना, तिची स्थानिक शाखा शोधा, एखाद्या अनुभवी टीचरच्या क्लासमध्ये परवानगी काढून नुसतं बसा. आयटीतली एक सवय मात्र इथे सोन्यासारखी उपयोगी पडते. मूल अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून वाजव म्हणायचं नाही, नेमक्या कुठल्या मेझरमध्ये (नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधल्या तुकड्यात) कुठलं बोट चुकतंय ते शोधायचं आणि तेवढंच हळू वाजवून घ्यायचं.

आई-बाबा फोनवर म्हणतील, इंजिनिअर होऊन आता शिकवण्या घेणार? त्यांच्यावर चिडू नका, त्यांनी तुमच्या शिक्षणासाठी काय काय सोसलंय. त्यांना आकडे सांगा, इन्शुरन्सचं काय केलं ते सांगा, त्यांची भीती मुख्यतः तीच असते.

आणि फी. ओळखीतली मुलं आधी येतील आणि 'आपल्यातच काय पैसे' हेही येईल. महिन्याची फी आधी घ्यायची, ऐनवेळी रद्द केलेला क्लास भरून मिळणार नाही, हे एका कागदावर लिहून पहिल्या क्लासच्या आधी सगळ्यांना पाठवा, मैत्रिणीच्या मुलीलाही तोच कागद.