नाक, नासिका आणि नाशिक

प्रश्न : मी नाशिकला आयुर्वेद महाविद्यालयात शिकते. ‘नासिका’ आणि इंग्रजी ‘नोज’ हे शब्द इतके जवळचे असताना नाकाच्या दाहाला ‘ऱ्हायनायटिस’ असे निराळे नाव कसे? आणि आमच्या गावाचे नाव खरेच नाकावरून पडले का? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : प्रश्नाच्या उत्तरार्धाकडे आधी वळतो, कारण त्याचा धागा आपल्याच अभ्यासक्रमात सापडतो. पंचकर्मातील ‘नस्य’ (नाकातून औषध देण्याचा उपचार) हा शब्द ‘नासिका’पासून होतो, तेथे ‘य’ प्रत्ययापूर्वी ‘नासिका’चे ‘नस्’ होते. व्याकरणकारांनी मात्र या नियमाला वर्ण आणि नगर असे दोन अपवाद सांगितले आहेत : नाकातून उच्चारला जाणारा तो ‘नासिक्य’ वर्ण, आणि ‘नासिक्य’ हे नगर. ही चर्चा इ.स.पू. दुसऱ्या शतकातील पतंजलींच्या महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरील भाष्यात, आहे; म्हणजे नगराचे हे नाव ‘नासिका’पासून साधण्याची रीत किमान २१०० वर्षांची ठरते. पांडवलेण्यांतही, सातवाहन राजा कृष्ण याच्या काळच्या लेखात, ‘नासिक’ येथील महामात्राचा (उच्च अधिकाऱ्याचा) उल्लेख येतो. व्याकरण शब्द कसा घडला एवढेच सांगते; शूर्पणखेचे नाक येथेच कापले गेले, हे काही त्यावरून सिद्ध होत नाही. नऊ टेकांवर वसले म्हणून नाशिक, ही व्युत्पत्ती गावात आवडीने सांगतात, पण ‘नव’मधून ‘नासिक्य’चा दीर्घ ‘ना’ कसा आला, याचा उलगडा तिच्याने होत नाही.

आता ‘नोज’. तो संस्कृतातून इंग्रजीत गेलेला नाही. लॅटिन ‘नासुस’, जर्मन ‘नाझे’, रशियन ‘नोस’ आणि संस्कृत ‘नस्’ ही एकाच इंडो-युरोपीय घराण्यातील भावंडे आहेत. ग्रीकमध्ये मात्र नाकाला ‘ऱ्हिस’ म्हणत आणि त्याचे षष्ठीचे रूप ‘ऱ्हिनोस’. गेंड्याच्या ‘ऱ्हायनोसेरॉस’ या नावाचा अर्थ ‘नाकावर शिंग असलेला’. पाश्चात्त्य वैद्यकाने अवयवांची नावे बहुधा लॅटिनमधून आणि रोगांची बहुधा ग्रीकमधून घेतली, म्हणून नाकाचे हाड ‘नेझल’ आणि त्याच नाकाचा दाह ‘ऱ्हायनायटिस’. शेजारच्या द्राविडी भाषांचे कुळच वेगळे : कन्नड ‘मूगु’, तेलुगू ‘मुक्कु’, तमिळ ‘मूक्कु’.

गंमत अशी की आपले ‘नाक’ही थेट ‘नासिका’तून आलेले नाही. प्राकृतात ‘नासिका’चे ‘णासिआ’ होते, ‘नाक’ होत नाही. ‘नाक’ हा प्राकृत ‘णक्क’चा वारस. (स्वर्ग या अर्थाचा संस्कृत ‘नाक’ हा आणखी वेगळा शब्द.) नथ मात्र ‘नस्’च्याच कुळातली आहे : नाकाच्या पडद्याला पाडलेल्या छिद्राला संस्कृतात ‘नस्ता’ म्हणत, आणि त्या शब्दाच्या प्राकृत रूपातून ‘नथ’ मराठीत आली.